उसवलेलं लूप कारपेट, एक भंगार किट आणि म्हापशाचे मिस्त्री : माझा अनुभव

आधीच सांगते, लांब लिहिणारे. कारण गोव्यात कारपेट रिपेअर शोधायला गेलं की सगळे शाम्पूवालेच सापडतात, सोफा धुणारे, गादी धुणारे, पाण्याची टाकी धुणारे, पण उसवलेलं कारपेट नीट करून देणारा माणूस मिळून घरी यायला अक्षरशः चार महिने लागले. तेवढ्यात मी एक किट मागवून बघितलं, एका दुकानदाराचं लेक्चर ऐकलं, स्वतः गोंद लावून वाट लावली, आणि मग हे मिस्त्री मिळाले. त्यामुळे एकातच सगळ्यांचा रिव्ह्यू.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की गोव्यात कारपेट कोण घालतं, डोकं ठिकाणावर आहे का. बरोबर आहे. आम्हीही घातलं नसतं. पण पर्वरीच्या फ्लॅटमध्ये आमची मागची खोली म्हणजे नवऱ्याची बैठकीची खोली, पेटी तबला तानपुरा सगळं तिथेच, दर गुरुवारी सात-आठ जण भजनाला बसतात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी दोनदा वर येऊन अगदी गोड आवाजात सांगितलं की तबला छान वाजतो हो, आम्हाला सगळा ऐकू येतो. मग सहा वर्षांपूर्वी १२ बाय ११ च्या त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कारपेट टाकलं. रंग शेंगदाण्याच्या कुटासारखा, मध्ये मध्ये तपकिरी ठिपके. दुकानदार त्याला बर्बर म्हणाला. बर्बर म्हणजे खरं तर उत्तर आफ्रिकेतले लोक, त्यांची हाताने विणलेली जाजमं असतात त्यावरून आलेलं नाव, पण आपल्याकडे जाड गोल धाग्याचं ठिपकेवालं काहीही बर्बरच.

आता हे लूप कारपेट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. टर्किश टॉवेल बघा, त्यावर बारीक बारीक गोल फासे असतात ना, तसंच, फक्त जाड. काही कारपेटांत ते गोल वरून कापलेले असतात त्यामुळे ते मऊ केसाळ दिसतं, आमच्यात ते न कापता तसेच ठेवलेले. अडचण अशी की एका रांगेतले सगळे फासे म्हणजे एकच सलग धागा, मशीनने खालच्या कापडात वर-खाली वर-खाली घातलेला. गाठ कुठेही नाही. मागून रबरासारखं लॅटेक्स फासलेलं असतं आणि त्याखाली अजून एक कापड चिकटवलेलं, म्हणजे धागा धरून ठेवायचं सगळं काम त्या लॅटेक्सचं. ते जुनं झालं, भुसभुशीत झालं की मग एक फासा ओढला की शेजारचा येतो, त्याच्या मागून त्याच्या शेजारचा. जुना स्वेटर उसवतो तस्संच.

तर आमची कथा मे महिन्यात सुरू झाली. गुंडी, म्हणजे आमची मांजर, तिने एक फासा नखाने वर काढला. अर्धा इंच पण नाही. मी बघितलं, पायाने दाबलं, सोडून दिलं. इथेच चुकलं. कारण पर्वरीत राहणाऱ्यांना सांगायला नको, हायवेवर त्या उंच पुलाचं काम सुरू झाल्यापासून घरात धूळ म्हणजे पिठाच्या गिरणीसारखी, सकाळी पुसलं की दुपारी परत थर. त्यावर उपाय म्हणून नवऱ्याने रोबो व्हॅक्यूम आणलेला, तो गोल गोल फिरणारा. जूनमधल्या एका सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि आतून घुर्रर्र असा आवाज आला आणि मग ते मशीन बाईच्या आवाजात म्हणायला लागलं की मुख्य ब्रश अडकला आहे. जाऊन बघते तर त्याच्या फिरत्या ब्रशला धागा गुंडाळलेला, आणि कारपेटमध्ये खिडकीपासून पेटीच्या जागेपर्यंत जवळजवळ अडीच फूट लांब एक सरळ पांढरी रेघ. रांगच्या रांग गेलेली. खालचं कापड दिसत होतं. ब्रशवरून धागा सोडवला तर आठेक फूट भरला, अडीच फुटांच्या रांगेत एवढा धागा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

मी तो धागा डस्टबिनमध्ये टाकणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, टाकू नको गो, असूं दे. त्या काहीच टाकत नाहीत, त्यांच्याकडे लग्नातल्या पत्रिकांचे दोरे सुद्धा आहेत. धागा गेला बिस्किटांच्या त्या निळ्या गोल डब्यात, जो प्रत्येक घरात असतो आणि ज्यात बिस्किटं कधीच नसतात. हे लक्षात ठेवा, पुढे येईल.

आता माझा स्वतःचा पराक्रम. मी त्या रेघेच्या एका टोकाला थेंबभर तो क्षणात चिकटणारा गोंद लावला, म्हटलं निदान पुढे तरी उसवणार नाही. उसवलं नाही हे खरं, पण तो गोंद वाळून काचेसारखा कडक झाला, आजूबाजूचे चार फासे पण त्यात अडकले, आणि अनवाणी चाललं की तिथे टोचायचं. गुरुवारी एक काका बरोब्बर त्यावरच बसले. पुढचं लिहीत नाही.

मग ऑनलाइन किट मागवलं. ७४९ रुपये. आत एक छोटी ट्यूब, एक वाकडी सुई, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या दोन इंचाच्या चकत्या, आणि एक गोल कटर, करंजीचं कातणं असतं ना तसा दात्यांचा पण गोल डबीसारखा, तो दाबून फिरवायचा म्हणजे खराब भाग गोल कापून निघतो आणि तसाच गोल चांगला तुकडा दुसरीकडून काढून तिथे बसवायचा. व्हिडिओत फार सोपं दिसतं. पण व्हिडिओतलं कारपेट केसाळ असतं! लूपवर हा गोल कटर म्हणजे आत्महत्या आहे, कारण गोल फिरवला की तो पंधरा-वीस रांगा आडव्या-तिडव्या मध्येच कापतो, प्रत्येक रांगेचं टोक मोकळं, म्हणजे एका भोकाच्या जागी वीस ठिकाणी उसवायची सोय. मी कापलं नाही, नशीब, आधी जुन्या पायपुसण्यावर करून बघितलं म्हणून वाचले. ट्यूबमधला गोंद पाण्यासारखा पातळ, जून महिन्यात तीन दिवसांनी पण ओलाच. सुई मात्र चांगली आहे, बोथट टोकाची, ती मी अजून वापरते. किटला पाचपैकी दीड, तो दीड पण सुईचा. तुमचं कारपेट केसाळ असेल, सिगारेटचा छोटा डाग वगैरे असेल तर कदाचित उपयोगी पडेल, लूपवाल्यांनी घेऊ नका.

मग पणजीतल्या एका मोठ्या फर्निशिंगच्या दुकानात गेले, नाव लिहीत नाही. फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून पण बघितला नाही, म्हणाले मॅडम लूप रिपेअर होत नाही, पूर्ण काढून नवीन टाकावं लागेल, आणि लगेच कॅल्क्युलेटर. २४ हजार. वर जुनं काढून न्यायचे वेगळे. मी म्हटलं अहो एकच रांग गेलीये, तर म्हणे आज एक रांग उद्या दहा. मडगावच्या एकाचा नंबर मिळाला, तो तीन वेळा येतो म्हणाला आणि आला नाही, त्याच्याबद्दल एवढंच.

मिस्त्रींचा पत्ता मिळाला तो भजनातूनच. आमच्यात तबल्याला बसणारे एक जण हॉटेलात मेंटेनन्सला होते, आता रिटायर, ते म्हणाले आमच्या कॉन्फरन्स हॉलचं कारपेट म्हापशाचा एक म्हातारा येऊन करायचा, जिवंत असेल तर देतो नंबर. जिवंत होते. जुलैमध्ये फोन केला. मी नुसतं सांगितलं की लूप कारपेट आहे, धागा निघालाय, तर पलीकडून पहिलंच वाक्य, "बाय, तो धागो ओडूं नाका." म्हटलं आता काय ओढायचं राहिलंय. मग त्यांनी विचारलं, निघालेला धागा ठेवलाय की टाकला? ठेवलाय म्हटल्यावर एकदम खूश झाले. पण यायला सपशेल नकार. पावसात नाही. म्हणाले खालच्या कापडात ओल असते, ती वरून दिसत नाही, गोंद लावला की धरल्यासारखा वाटतो आणि महिन्याने पापुद्रा सुटतो, मग तुम्ही मला शिव्या घालणार. दिवाळीनंतर येतो.

मला राग आला होता खरं सांगायचं तर. जुलैत फोन केलेला माणूस दिवाळीनंतर येणार! पण फोनवरच त्यांनी तात्पुरतं काय करायचं ते फुकटात सांगितलं, तेच कामाला आलं. रेघेच्या दोन्ही टोकांना जो धागा लोंबतोय तो बाकीच्या फाशांच्या उंचीला कात्रीने कापून टाकायचा, ओढायचा नाही, आणि वरून रंगवाल्यांचा तो कागदी टेप लावून ठेवायचा, मास्किंग टेप. खोक्यांचा ब्राऊन टेप लावायचा नाही, त्याचा गम राहतो आणि त्यावर सगळी धूळ बसून काळी पट्टी होते. आणि रोबो बंद. अगदीच व्हॅक्यूम करायचा तर फिरता ब्रश नसलेल्या तोंडाने, नुसतं ओढणारं. लूपला फिरता ब्रश चालतच नाही म्हणे, धागा नाही निघाला तरी हळूहळू वरून पिंजला जातो. हे आम्हाला सहा वर्षांपूर्वी विकणाऱ्याने सांगायला काय झालं होतं.

मधल्या काळात अजून एक प्रकार घडला. गणेश चवथीच्या आधी पंधरा दिवस वाड्यावरची मुलं घुमट आरतीच्या (घुमट म्हणजे चामडं लावलेलं मातीचं वाद्य) तालमीला आमच्याकडे बसायची, भाचा त्यातच आहे. पावसाळ्यात घुमटाचं चामडं सैल पडतं, आवाज बसतो, मग ते शेकावं लागतं. बाल्कनीत कोळशाची छोटी शेगडी ठेवलेली. बाहेर पाऊस तिरका आला म्हणून एका शहाण्याने शेगडी उचलून आत आणली आणि एक निखारा पडला. लगेच उचलला हो, दोन सेकंद, पण तेवढ्यात कारपेटला रुपयाएवढं काळं कडक खपलीसारखं झालं, वितळलेल्या प्लास्टिकचा वास. घुमटाला २०१९ मध्ये राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला, आमच्या कारपेटला त्याची खूण मिळाली. त्या पोराने पुढचे चार दिवस माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही.

तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्री आले. तीनदा तारीख बदलून. सकाळी दहा वाजता येतो म्हणाले आणि बारा वाजता आले, हा एक पॉइंट कापते. कारण पण ऐका, नोव्हेंबर म्हणजे कारपेटवाल्यांचा सीझन, २००४ पासून इफ्फी, म्हणजे तो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इथे होतो ना, पणजीत सगळीकडे लाल कारपेटं, आणि हॉटेलवाल्यांना पण तेव्हाच सगळं नवं दिसायला हवं असतं. वय सत्तरच्या आसपास असेल. सोबत एक मुलगा सामान उचलायला.

मला वाटलं लगेच गोंद काढतील. तसं काही नाही. आधी खाली बसले, तळहात कारपेटवर एकदा खिडकीकडे फिरवला, एकदा दाराकडे, मग आडवा. कुठल्या बाजूला फासे झुकलेत ते बघत होते. मग म्हणाले एका वाटीत पाणी द्या. मी प्यायचं पाणी आणलं तर हसले. डब्यातल्या धाग्याचा एक बारीक तुकडा कापला, पाण्यात टाकून बोटाने बुडवला, तो परत वर आला. "पोली," म्हणाले. म्हणजे पोलीप्रॉपिलीन, ते पाण्यापेक्षा हलकं म्हणून तरंगतं, नायलॉन असतं तर बुडालं असतं. याने काय फरक पडतो म्हणून विचारलं तर म्हणाले गनचा. गोंदाची जी गरम गन असते ती दोन प्रकारची, जास्त तापणारी साधारण १९० डिग्रीपर्यंत जाते, आणि हा धागा १६५ च्या आसपासच वितळतो. म्हणजे मोठी गन लावली असती तर धागा चिकटायच्या ऐवजी विरघळला असता. कमी तापणारी गन, नाहीतर गोंद टाकून थोडा थंड होऊ द्यायचा. नायलॉनला एवढं जपावं लागत नाही. तो ७४९ च्या किटवाला किंवा पणजीचा कॅल्क्युलेटरवाला, दोघांनी हा प्रश्न विचारला सुद्धा नव्हता की धागा कसला आहे.

मग आधी माझ्या त्या कडक गोंदाचा पराक्रम. माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, पण मुलाकडे बघून भुवया उडवल्या ते मी पाहिलं. ते चार फासे कापूनच काढावे लागले.

रांग भरायचं काम मी पूर्ण वेळ बसून बघितलं. आधी ती मोकळी रेघ दाभणाने खरवडून साफ केली, आतलं जुनं लॅटेक्स पिठासारखं निघत होतं, ते व्हॅक्यूमने ओढून घेतलं. मग डब्यातला धागा. मला वाटलेलं की तो चुरगळलेला आहे तर आधी सरळ करतील, इस्त्री वगैरे. उलट! म्हणाले वाकडा आहे तेच बरं, सहा वर्षं एकाच जागी बसून धाग्याला जिथे जिथे वळण पडलंय तिथेच तो खाली जायचा असतो, धागा स्वतःच सांगतो. खरंच, नीट बघितलं तर ठरावीक अंतरावर वळणं दिसतात. मग दोन-दोन इंचच गोंद टाकायचा, जास्त नाही, आणि धाग्याचं एकेक वळण बोथट स्क्रू ड्रायव्हरने जुन्या भोकात खाली दाबायचं. उंची सारखी यावी म्हणून त्यांच्याकडे सायकलच्या चाकाची एक तार होती, स्पोक, ती रांगेत आडवी ठेवायची, धागा तिच्यावरून घ्यायचा, दाबायचा, पुढे सरकायचं, थोडं धरलं की तार ओढून काढायची. सगळे फासे एका मापाचे. अडीच फुटाला पावणेदोन तास लागले. शेवटचे चार-पाच इंच धागा कमी पडला, कारण तेवढा रोबोने चावून पिंजला होता.

तो आणि जळलेल्या जागेसाठीचा तुकडा, दोन्ही आणायचे कुठून? बसवताना उरलेले तुकडे ठेवलेत का विचारलं. आम्ही कुठले ठेवतो, बसवणाऱ्यानेच गोळा करून नेलेले. (नवीन टाकणाऱ्यांनो, उरलेला एक हात तरी लांब तुकडा मागून घ्या, भांडा, पण घ्या.) मग त्यांनी नजर फिरवली आणि कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटाखाली कारपेट आहे का? आहे. सरकवा. नवरा, तो मुलगा आणि मी, तिघांनी ते जुनं सागवानी कपाट रिकामं न करताच सरकवलं, उचलून, घासत नाही, घासलं तर पोली घर्षणाने पण तापून चकाकतो म्हणे. खालून आपल्या तळहाताएवढा चौकोन काढला आणि तिथे त्यांनी सोबत आणलेला राखाडी तुकडा बसवला. "कपाटाखाली कोण बघतंय?" सासूबाई म्हणाल्या मी बघते ना. त्या खरंच बघतात.

तुकडा कापायची पद्धत मला सगळ्यात आवडली. सुरी थेट लावलीच नाही. आधी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन रांगांच्या मधल्या खोबणीत घालून शेवटपर्यंत फिरवलं, केसात भांग पाडतात तसा भांग पाडला, मग नवं पातं त्या भांगातून चालवलं. एकही फासा कापला गेला नाही. दुसऱ्या दिशेला मात्र रांगा कापाव्याच लागतात, तिकडची मोकळी टोकं लगेच लॅटेक्सने भिजवून घेतली, दोन्हीकडची, तुकड्याची पण आणि भोकाची पण. तुकडा गोल नाही, चौकोनीच. आणि लावायच्या आधी मागे खडूने बाण काढला, कारण उलटा लागला तर रंग तोच असून वेगळा दिसतो, उजेड दुसरीकडून परततो. खाली टेप, त्यावर गोंद, तुकडा आत, कडेचे फासे सुईने मोकळे करून घेतले म्हणजे कोणी खाली दाबलं गेलेलं नको. मग म्हणाले वजन पाहिजे, सपाट. नवऱ्याने डग्गा पुढे केला, त्याच्या बुद्धीला सलाम. शेवटी सासूबाईंचा पाटा आला, खाली बटर पेपर घालून, आणि रात्रभर तो पाटा आमच्या बैठकीच्या खोलीत मध्यभागी बसून होता, एखादा मानाचा पाहुणा असावा तसा.

कडेला भिंतीपाशी एक फूटभर कारपेट उचललेलं होतं, ते पण त्यांनी रबरवाल्या गोंदाने चिकटवून दिलं. दोन्हीकडे लावायचा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. याचा वास भयंकर, डोकं धरतं, सगळ्या खिडक्या उघड्या, आणि त्यांनी स्वतः जाऊन देवाजवळचा दिवा शांत करायला सांगितलं, त्या वाफा पेट घेतात. हे सांगणारा मी पहिलाच कारागीर बघितला.

मध्ये जेवायची वेळ झाली, ते जेवले नाहीत, पातळभाजी आणि दोन उंडे (आपले गोल पाव) आणि चहा. चहा पिताना मी विचारलं की परत मांजरीने फासा काढला तर काय करू. म्हणाले एकच फासा असेल आणि छोटा असेल तर कात्रीने बाकीच्यांच्या उंचीला कापून टाका, दोन टोकं आत लॅटेक्समध्ये धरलेली असतात, काही होत नाही, दिसत पण नाही. जास्त मोठा निघाला असेल तर शेजारच्या फाशात तो थोडा थोडा वाटून द्यायचा सुईने, शिवताना चुणी वाटून देतात तसा. खाली कापड दिसायला लागलं की मग हात लावायचा नाही, फोन करायचा. पणजीच्या दुकानाचं सांगितलं, २४ हजार, तर म्हणाले तो पण खोटं नाही बोलला, त्याच्याकडे करणारा माणूस नाही, मग तो नवीनच विकणार. मला हे पटलं आणि नाही पण पटलं. होत नाही आणि माझ्याकडे होत नाही यात फरक आहे ना.

पैसे एकूण २२०० घेतले, म्हापशाहून येण्या-जाण्यासकट. बिल नाही, कच्चं सुद्धा नाही, मागितलं तर म्हणाले हॉटेलवाल्यांना देतो, घरच्यांना कशाला. ज्यांना बिल लागतं त्यांनी आधी बोलून घ्या. गॅरंटी विचारली तर रांगेची देतो, तुकड्याची देतो, मांजरीची देत नाही.

आता निकाल. रांग जिथे भरली ती मला माहीत असून पण शोधावी लागते, खरंच. गुरुवारी कोणाला सापडली नाही, पैज लावलेली. जळलेल्या जागेचा तुकडा मात्र दिसतो. दिवसभर नाही, पण चार-साडेचारला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरकं आत आलं की चौकोन कळतो. कपाटाखालचा असल्यामुळे तो बाकीच्यापेक्षा उजळ आहे. रंग उडालाय असं नाही, या धाग्यात रंग मुळातच मिसळलेला असतो, पण सहा वर्षांची पायाखालची मळकट छटा त्याच्यावर नाही. हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, लूपमध्ये जोड केसाळ कारपेटसारखा लपत नाही, वर पिंजारून झाकायला काही नसतं, ठिपकेवालं आहे म्हणून एवढं तरी. सहा महिन्यांत मळून एक होईल म्हणाले. रिपेअर होऊन चार महिने झाले, थोडं झालंय. पूर्ण प्लेन रंगाचं कारपेट असेल तर तुकडा नक्की दिसेल हे धरून चला.

कामाला पाचपैकी साडेचार, वेळेला दोन, वासाला काय देऊ. ती मधली जागा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालायला बंद आणि आठवडाभर व्हॅक्यूम बंद असं सांगितलेलं, आम्ही पाळलं. तुकड्याचा एक कोपरा जानेवारीत किंचित वर आलेला वाटला, फोटो पाठवला, ते म्हणाले गरम पाण्यात पिळलेलं फडकं टाकून परत पाटा ठेवा. ठेवला. बसला. पावसाळ्यात काय होतं ते बघायचं आहे, जून ते सप्टेंबर ही खरी परीक्षा, तेव्हा इथेच खाली लिहीन.

रोबो आता फक्त हॉल आणि किचनमध्ये फिरतो, बैठकीच्या दाराशी एक लाकडी पट्टी आडवी ठेवलीये. गुंडीला दोरी गुंडाळलेला एक खांब आणून दिला नखं घासायला, ती त्याच्यावर झोपते.

मिस्त्रींचं नाव आणि नंबर मी इथे टाकत नाही, त्यांनीच सांगितलं टाकू नका, एवढी कामं झेपत नाहीत आता. खरंच गरज असेल तर मला मेसेज करा, मी त्यांना विचारून देते, फक्त फोटो आधी पाठवा, एक लांबून आणि एक जवळून शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, ते फोटो बघूनच हो नाही सांगतात. कारपेट टाइल्सची कामं घेत नाहीत, डाग काढत नाहीत, मडगावच्या पलीकडे जात नाहीत. आणि फोन सकाळी नऊच्या आधी करा, नंतर हातात गन असते, उचलत नाहीत.